फोटू झ्याक आलाय

रोजच्या लुगड्यात फोटो काढायचा नसतो, हे शालूबाईला जितकं ठाम ठाऊक होतं तितकं जगातलं दुसरं काही ठाऊक नव्हतं. फोटो म्हणजे लग्नातला, आधारकार्डावरचा, नाहीतर मेल्यावर भिंतीला लावायचा. तिन्ही वेळेला माणसानं धुतलेलं नेसावं, केसाला तेल लावावं आणि समोर बघावं. या एका हट्टापायी जाळवणीच्या ओढ्यावर होऊ घातलेला साकव हुकला, असं आता वाडीतली माणसं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? त्या आयतवारी हीच माणसं तोंडाला पावडर फासून ओढ्याच्या काठावर उभी होती.

वाडी सातारा आणि सांगलीच्या शिवेवर, डोंगरात. तीन अंगांना राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. जंगलाच्या पोटात जी गावं होती त्यांना सरकारनं उठवलं आणि पूर्वेकडच्या दुष्काळी माळावर नेऊन बसवलं. ही वाडी नेमकी हद्दीच्या रेषेवर आली, म्हणून तिला उठवलंही नाही आणि धड बसूही दिलं नाही. वाडीतून बाहेर पडायला वाट एकच, आणि त्या वाटेत हा जाळवणीचा ओढा आडवा. नावाला ओढा, आषाढात तो मोठमोठ्या नद्यांना लाजवतो. त्याच्या पलीकडं थोडं चाललं की डांबरी सडक, सडकेवर एसटी, आणि एसटीनं पाटण, उंब्रज, दवाखाना, बाजार, सगळं.

पूर्वी ओढ्यावर लाकडाचा साकव असायचा. मृग लागायच्या आधी वाडीतल्या दर घरानं एकेक लाकूड आणायचं, सगळी मिळून दोन खडकांवर आडवी टाकायची आणि रानवेलीनं आवळून बांधायची. ज्या घरात नवी सून आली त्या घरानं त्या वर्षी कोरं लाकूड घालायचं, जुनं चालायचं नाही. शालूबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं जांभळीचं सरळसोट खोड घातलं आणि वाजतगाजत आधी तिलाच त्यावरून चालवलं. पुढं धाकटी जाऊ आली, अंबूबाई, तिचं लाकूड शालूबाईच्या लाकडाला खेटून बांधलं. दोघी जावा भांडायला लागल्या की सासू म्हणायची, "साकवावर शेजारी ऱ्हाताय न्हवं? मंग चुलीपाशी बी ऱ्हावा."

राहिल्या त्या. भांडून राहिल्या, पण राहिल्या. शालूबाईला मूलबाळ झालं नाही. अंबूबाईला एक पप्पू झाला. तिचा नवरा मुंबईला कामाला गेला तो परतलाच नाही, आणि पप्पू दोघींच्या मांडीवर वाढला. तो अंबूबाईला आई म्हणतो आणि शालूबाईला थोरली आई, आणि ओरडा खायची वेळ आली की धाकटीकडं पळतो.

उद्यानाची हद्द पडली तशी वाडीतली कुऱ्हाड बंद झाली. वाळलेलं सरपण वेचा म्हणाले, पण उभ्या झाडाला हात लावलात तर केस. आहे तो साकव कुजत कुजत दोन पावसाळे टिकला आणि तिसऱ्यात वाहून गेला. त्याच साली शालूबाईच्या नवऱ्याला, गुंडाला, भाताच्या खाचरात फुरसं चावलं. घोंगड्याची झोळी करून गड्यांनी त्याला ओढ्यापर्यंत पळवत आणला. पुढं पाणी. काठावर घोंगडं टेकवून सगळे पाणी उतरायची वाट बघत बसले. गुंडा अधूनमधून मान उचलून विचारायचा, "उतरलं का?" पाणी उतरलं, पण तोवर तो विचारायचा थांबला होता.

तेव्हापासून शालूबाईनं साकवाचं मनावर घेतलं. घरात लेकरू नाही, डोक्यावर नवरा नाही, मग तिनं साकवच लावून धरला. दुधाची किटली सडकेला पोचवली की तिथूनच ती एसटी धरून कुठल्या ना कुठल्या कचेरीत जायची. या जिल्ह्यात गेलं की साहेब म्हणायचे, ओढा त्या जिल्ह्यात. त्या जिल्ह्यात गेलं की म्हणायचे, वाडी या जिल्ह्यात. दोन्हीकडं धरणं धरलं की म्हणायचे, जमीन जंगलाची, आमच्या हातात काय आहे? शिपाई तिला ओळखायला लागले, तिला चहा पाजायला लागले. साकव मात्र कुणी दिला नाही. त्या सगळ्या वर्षांत वाडीची माणसं पाण्यातून, शेवाळलेल्या धोंड्यांवरून ये-जा करत होती. त्याच धोंड्यांवर अंबूबाई एकदा भरल्या किटलीसकट आपटली आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटला. दूध गेल्याचं वाईट वाटून ती आधी रडली, दाताचं तिला घरी आल्यावर कळलं. मुळात बाई हसरी, बोलण्याआधी हसणारी. त्या दिवसापासून हसू आलं की ती पदर तोंडाशी न्यायला लागली.

विश्वजित आला तो मार्गशीर्षात. साताऱ्याचा तरणा माणूस, आठवडाभर कारखान्यात नोकरी आणि सुट्टीला पाठीवर पिशवी घालून डोंगर. परवानगी काढून, वनखात्याचा वाटाड्या बरोबर घेऊन तो दोन मित्रांसोबत जंगल तुडवत ओढ्यापाशी उतरला. त्या वेळी शालूबाई ओढा ओलांडत होती. काष्टा मांडीपर्यंत खोचलेला, पाणी गुडघ्याच्या वर, डोक्यावर किटली, हातात काठी, आणि पायाखालचा धोंडा हलला म्हणून तोंड वेडंवाकडं झालेलं. पलीकडच्या खडकावर पालथं पडून कुणीतरी डोळ्याला यंत्र लावलंय हे तिला मधोमध आल्यावर दिसलं. मागं फिरता येईना, काष्टा खाली सोडता येईना.

काठावर आल्या आल्या ती कडाडली. "बाईमानसाचं पाय उगडं असताना फोटू काडतुयास? आयाभैनी हाइत का न्हाईत रं तुला?"

विश्वजित उठून उभा राहिला. "मावशी, माफ करा. पण बघा तर खरं, किती चांगला आलाय." त्यानं कॅमेऱ्याची काच तिच्यापुढं धरली.

शालूबाईनं बघितलं. एक म्हातारी पाण्यात वाकलेली, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, नडग्या उघड्या, ओठ दाताखाली धरलेला, आणि डोळ्यांत भीती. आपण अशा दिसतो हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला विलक्षण लाज वाटली. आणि शालूबाईला लाज वाटली की ती लाज राग होऊनच बाहेर पडते.

"पूस त्यो," ती म्हणाली. "माज्या डोळ्यादेकत पूस."

त्यानं एकदा विनवलं, दोनदा विनवलं, आणि मग पुसला. ऐकणारा माणूस होता, काय करणार. मग शालूबाईला त्याची दया आली. घरी नेऊन तिनं सगळ्यांना दूध दिलं, आणि दूध पिता पिता साकवाची सगळी गोष्ट निघाली. गुंडाचं निघालं, अंबूबाईच्या दाताचं निघालं. विश्वजितनं पेला खाली ठेवला.

"अहो मावशी, मग तोच फोटो पाहिजे होता की. तो बघून कुणालाही कळलं असतं, सांगायची गरज नव्हती. माझ्या ओळखीत पेपरवाले आहेत. साहेबलोकांपर्यंत फोटो पोचवता येतो."

 वर्षानुवर्षं आपण तोंडानं सांगत फिरलो, आणि या माणसाच्या खिशातलं यंत्र ते न बोलता सांगतंय, हे शालूबाईला पटलं होतं. पण म्हणून ते तसलं ध्यान चारचौघांत जायचं?

"मंग दुसरा काड," ती म्हणाली. "आयतवारी ये. आमी नीटनेटकं तयार ऱ्हातो."

आयतवारपर्यंत वाडीत लगीनघाई. साहेबलोक फोटो बघणार, म्हणजे साहेबलोक घरी आल्यासारखंच. कधी कुणी पाहुणा आला आणि त्याला फाटकी वाकळ दाखवली असं वाडीत झालं होतं का? गड्यांनी ओढ्याच्या दोन्ही काठांवरची घाणेरीची झुडपं काढली. अंबूबाईनं काठ झाडून घेतला. "फोटूत आपली बाई घसरताना दिसली तर लोकं म्हनतील वाडीत गडी हाइत का बुजगावनी," असं कुणीतरी म्हणालं, तशी पहारी घेऊन माणसं पाण्यात उतरली. शेवाळलेले धोंडे त्यांनी बाजूला सारले, वरच्या अंगाचे चपटे, रुंद दगड लोटत आणले आणि एका ओळीत, एकेका पावलाच्या अंतरावर पक्के बसवले. इतकी वर्षं ते का बसवले नव्हते? कारण पहिल्या पुरात ते जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण फोटोपुरते तर राहणार होते. ट्रंकेतून लुगडी निघाली. शालूबाईचं हिरवं, पप्पूनं दिवाळीला आणलेलं. अंबूबाईचं जांभळं, त्याच खेपेचं. उंब्रजच्या हायवेवर हॉटेलात कामाला असलेला पप्पू मुद्दाम सुट्टी टाकून आला आणि येताना पावडरचा डबा घेऊन आला.

विश्वजित आला आणि काठावर थबकलाच.

"मावशी, रोजच्या कपड्यात नाही का चालणार? किटली घेऊन, त्या दिवशी होतात तशा..."

"रोजच्या कापडात कोन फोटू काडतं का? आमी काय भिकारी हाय?" शालूबाई म्हणाली. "सायबांनी बगितल्यावर म्हनलं पायजे, ही चांगली मानसं हाइत, ह्यांचं काम केलं पायजे."

आता हसावं की रडावं? पण तिचा हिशेब तिच्यापुरता चोख होता. कचेऱ्यांतून तिनं हेच बघितलं होतं. फाटक्या माणसाला दारात उभं करतात आणि इस्त्रीवाल्याला खुर्ची देतात. तर आपणही खुर्चीच्या लायकीचं दिसावं.

विश्वजितनं फार वाद घातला नाही. सकाळचं ऊन झाडांतून तिरपं पाण्यावर उतरलं होतं, दगडांची ओळ चकाकत होती, आणि तोही शेवटी फोटोचा नादी माणूस. दोघी जावा दगडांवर चढल्या. पुढं थोरली, मागं धाकटी. अंबूबाईनं सवयीनं पदर तोंडाशी नेला. शालूबाईनं मागं वळून तो खसकन ओढला.

"तोंड झाकू नगंस. मयताला आलीयास का? हस जरा. फोटू झ्याक याय पायजे."

"दात दिसतोय गं आक्का."

"दिसू दे. सासू वरनं बगतीया आन् म्हनतीया, ह्या दोगी भवान्या नटूनथटून निगाल्या कुटं?"

अंबूबाई हसली. पदर हातात नव्हता, सासूची नक्कल हुबेहूब होती, आणि तोंड भरून, मान मागं टाकून ती हसली. तिला तसं हसताना बघून शालूबाईलाही हसू आवरेना. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

विश्वजित काचेकडं बघत राहिला. अंबूबाईनं काठावरनं विचारलं, "झ्याक आला का?"

"लय झ्याक," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं तसंही झालं नाही. गणपती इतका देखणा झाला की लोकांनी तो उचलून शोकेसमध्ये ठेवला. विश्वजितनं फोटो पाठवला, त्याला कुठल्याशा स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात रंगीत छापून आला. मग उद्यानाच्या तिकिटाच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर तो माणसाएवढा मोठा करून लावला. खाली अक्षरं: 'डोंगरातलं निखळ हसू'. विश्वजितनं फोटोबरोबर साकवाबद्दल चार ओळी लिहून दिल्या होत्या. भिंतीवर जागा पुरली नाही म्हणून त्या गाळल्या, असं त्याला सांगण्यात आलं. दुरून डोंगर साजरे दिसतात हे ठीकच आहे, पण इथं डोंगरातली माणसंही दुरूनच साजरी दिसायला लागली.

फोटोचा एक गुण मात्र आला. इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं, साहेब स्वतः ओढ्यावर आले. चैत्र होता, ओढ्याला घोटाभर पाणी. साहेबांच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये तोच फोटो. त्यांनी फोटो बघितला, ओढा बघितला, दगडांच्या ओळीवरून बूट न भिजवता पलीकडं गेले आणि तसेच परत आले.

"आजी, तुम्हीच ना या? वा, फार सुंदर फोटो आहे. आमच्या घरी सगळ्यांनी बघितला." मग ते कामाचं बोलले. "इथं पायवाट तर चांगली पक्की आहे. तुमच्या वयाच्या बायका आरामात, हसत-खेळत जाताहेत. साकव कशाला पाहिजे?"

"सायेब, त्ये दगड आमी फोटूसाटनं टाकल्यात," शालूबाई म्हणाली. "पावसाळ्यात ऱ्हात न्हाईत त्ये."

"मग पावसाळ्यासाठीही टाका की." साहेब हसले. सोबतचेही हसले, कारण ते सोबतचे होते. "आणि एक लक्षात घ्या. हा आता लोकांचा आवडता स्पॉट झालाय. इथं सिमेंट ओतून त्याचं वाटोळं करायला कुणी परवानगी देणार नाही."

"सायेब, माजा मालक हितं काटावर मेला."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "कधी?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितल्यावर म्हणाले, "फार जुनी गोष्ट आहे हो," आणि मान हलवत गाडीकडं चालू लागले.

त्या संध्याकाळी शालूबाई टेकडावर चढली. तिथंच फोनला रेंज येते. पप्पूनं फोनात घालून दिलेल्या नंबरावर तिनं विश्वजितला फोन लावला.

"बाबा, त्यो पैला फोटू. पुसलेला. त्यो परत येतो का?"

 तो म्हणाला, "नाही येत मावशी. कार्डात त्या जागेवर नंतर बाकीचे फोटो घेतले गेले."

"माजं पाय उगडं होतं त्यो."

"हो, तोच. मला कळलंय मावशी."

शालूबाईनं फोन ठेवला आणि तिथंच खाली बसली. विश्वजितवर रागवावं तर त्यानं तिचंच ऐकलं होतं. साहेबांवर रागवावं तर ते फोटोत जे होतं तेच बघत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. अंबूबाई शोधत वर आली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आक्का, जाऊ दे. फोटू तर झ्याक आलाय न्हवं?" त्या वेळी शालूबाई तिच्यावर इतकी ओरडली की ती उठून एकटीच खाली गेली. ते ओरडणं शालूबाईला पुढं फार सलणार होतं.

पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच पुरात दगडांची ओळ गेली. कुणाला नवल वाटलं नाही. नवल होतं ते पलीकडच्या काठावर. फोटो बघून आलेली माणसं रंगीबेरंगी रेनकोट घालून तिथं जमायला लागली. सुट्टीच्या दिवशी तर सडकेपर्यंत गाड्या. पाण्याचा लोंढा बघून ती आनंदानं ओरडायची, पाठ करून स्वतःचे फोटो काढायची, आणि अलीकडच्या काठावर वाडीतलं कुणी दिसलं की हात हलवायची. वाडीतली माणसंही हात हलवायची. दुसरं काय करणार?

आषाढ सरत आला असताना अंबूबाई भातलावणी करता करता खाचरात बसली. छातीत कळ येतेय म्हणाली, डावा हात धरून बसली. मग आडवीच झाली. शालूबाईनं गड्यांना हाका मारल्या. एकजण टेकडावर पळाला, पप्पूला फोन लागला. पप्पू उंब्रजहून निघाला, वाटेतून त्यानं रुग्णवाहिका बोलावली, आणि आश्चर्य म्हणजे ती आलीसुद्धा. सडकेवर तिचा लाल दिवा फिरत होता, तो झाडांतून दिसत होता. पप्पू धावत ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आला. अलीकडच्या काठावर घोंगड्यात त्याची आई. मधे लाल गढूळ पाणी, दोन पुरुष बुडतील एवढं.

दुपार होती, सुट्टीचा दिवस. पप्पू सरळ पाण्यात उतरला. रेनकोटवाल्या तिघाचौघांनी कवळ घालून त्याला मागं ओढलं आणि धरून ठेवलं. त्यांचे उपकारच म्हणायचे, नाहीतर दोन मयतं झाली असती. पण त्यांच्यातलीच एक बाई या काठाकडं बोट दाखवून म्हणाली, "अरे, त्या फोटोतल्या आजी याच ना?" आणि लोकांचे मोबाईल वर झाले. ती काही वाईट बाई नव्हती. तिनं फोटोत ज्या बायका बघितल्या होत्या त्या हसणाऱ्या होत्या, इतकंच.

अंबूबाईचं डोकं शालूबाईच्या मांडीवर होतं. पलीकडून माणसं बघताहेत हे तिला कळत होतं. तिनं सवयीनं पदर तोंडावर घेतला. या वेळी शालूबाईनं तो ओढला नाही.

"आक्का, पप्पू आला का?"

"आलाय. पलीकडं उबा हाय बग."

"पानी उतरलं का गं?"

 हाच काठ, हाच सवाल. "उतरतंया," ती म्हणाली. "उतरलंच बग आता."

पाणी संध्याकाळी उतरलं. पप्पू कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडं आला. अंबूबाईला पलीकडं न्यायचं कारण तोवर उरलं नव्हतं.

तेराव्याला भिंतीवर फोटो लागतो. अंबूबाईचे फोटो दोनच. एक आधारकार्डावरचा, त्यात माणूस आहे की गाठोडं ते ओळखू येत नाही. आणि दुसरा तो. विश्वजितनं तो पप्पूच्या मोबाईलवर मोठा करून पाठवला होता, खाली हात जोडलेलं चित्र. पप्पूनं त्याला उत्तर दिलं नव्हतं.

शालूबाई पप्पूबरोबर उंब्रजला गेली. स्टँडजवळच्या गल्लीत फोटोचं दुकान. दुकानदार कॉम्प्युटरवर बसलेला, मऊ बोलणारा माणूस. मयताचे फोटो करून करून त्याला तसं बोलायची सवय झालेली. त्यानं फोटो पडद्यावर घेतला आणि शालूबाईला कापून बाजूला केलं. ओढा पुसला, दगड पुसले, झाडं पुसली. मागं निळा रंग भरला. आता पडद्यावर एकटी अंबूबाई, मान मागं टाकून, तोंड भरून हसत असलेली.

"काय सुंदर हसल्यात हो," दुकानदार म्हणाला. "असला फोटो माझ्याकडं आजवर आला नाही. फक्त हा पुढचा दात तुटलाय. बसवून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे, कळणारसुद्धा नाही."

"दात ऱ्हाऊ दे," शालूबाई म्हणाली. "हसू तेवडं पूस."

दुकानदारानं पप्पूकडं बघितलं. पप्पू बाहेरच्या रस्त्याकडं बघत होता.

"आजी, लोक हसरा फोटो मागतात. नसला तर आम्हाला ओढून-ताणून करावा लागतो."

"मला नगं. पूस त्यो."

त्यानं प्रयत्न केला. ओठ मिटवले, गाल खाली घेतले, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या काढल्या. पडद्यावर एक बाई आली, धड कुणाचीच नसलेली. शालूबाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात हलवला आणि त्यानं हसू परत आणलं.

तेराव्याला तो फोटो पडवीतल्या भिंतीला लागला, गुंडाच्या शेजारी. शालूबाईनं हार घातला आणि खाली येऊन पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला लागली. पावसानं जरा उघडीप दिली होती, म्हणून खालच्या गावातली माणसंही आली होती. येणारा प्रत्येकजण आधी फोटोपाशी थांबायचा, हात जोडायचा, मग वळून तिच्याकडं बघायचा. 

"थोरले," एकजण शेवटी म्हणाला, "फोटू लय झ्याक आलाय."

"व्हय," शालूबाई म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.